ट्रेकच्या सॅकमध्ये मावणारा आकाशाचा बायनॉक्युलर: 10×25, 8×42 की 10×50?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला पुण्यात, धायरीत. महिन्या-दोन महिन्यांतून वेल्हे किंवा भोरच्या बाजूला ट्रेक, जमलं तर तंबू टाकून मुक्काम. बरोबर अकरा वर्षांची मुलगी, आणि तिला तारे बघायचं वेड लागलंय. तुम्हाला चष्मा आहे. बजेट दहा-बारा हजार. दुकानदाराने 10×25 चा खिशात मावणारा बायनॉक्युलर पुढे केला, ऑफिसातला मित्र म्हणाला घ्यायचा तर 20×80 च घे, आणि नेटवर जो तो 10×50 चं नाव घेतो. शेवटी तुम्ही विचारलंय, "सॅकमध्ये मावेल असा सगळ्यात पॉवरफुल कोणता?"

घाईत असाल तर उत्तर आधी सांगून टाकतो: तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत 8×42. यात तीन गोष्टींनी फरक पडू शकतो: चष्म्याचा नंबर कसला आहे, बहुतेक वेळा चालत जाता की गाडीने, आणि ट्रायपॉड बाळगायची तयारी आहे का. लोकांना आकाश दाखवण्याचे कार्यक्रम मी बरीच वर्षं करतोय. या काळात तऱ्हेतऱ्हेचे बायनॉक्युलर हातातून गेले, त्यावरून लिहितोय.

पहिल्यांदा "पॉवरफुल" हा शब्द डोक्यातून काढा. दुकानात पॉवर म्हणजे किती पट मोठं दिसतं ते. पण तारा दहापट केला काय नि वीसपट केला काय, बिंदूचा बिंदूच राहतो. आकाशाला तीन गोष्टी लागतात: पुरेसा प्रकाश, रुंद दृष्टिक्षेत्र (म्हणजे एका वेळी आकाशाचा केवढा तुकडा दिसतो ते) आणि न हलणारं चित्र. यातली तिसरी गोष्ट बायनॉक्युलरच्या खोक्यावर छापलेली नसते, म्हणून खरेदीच्या वेळी तिचा विचारच होत नाही. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: दिवसभर चालून दमल्यावर, रात्री, अंधारात, हातात धरून, तुम्हाला आणि मुलीला सगळ्यात जास्त काय दाखवेल?

आकड्यांचा हिशोब सोपा आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गोळा होतो. 25 चा वर्ग 625, 42 चा 1764, 50 चा 2500. म्हणजे 25 वरून 42 वर गेलात की पावणेतीन पटींहून जास्त प्रकाश मिळतो, पण 42 वरून 50 वर जाऊन 1.4 पटच वाढतो. पहिल्या उडीत आकाश बदलतं. दुसऱ्या उडीत सुधारतं, आणि त्या सुधारणेची किंमत सॅकमध्ये दोन-तीनशे ग्रॅम जास्त अशी मोजावी लागते. दुकानदाराचा 10×25 इथेच बाद झाला. तो पक्ष्यांना, क्रिकेटला, गडावरून समोरचा गड बघायला छान आहे. घरात आधीच पडलेला असेल तर चंद्र जरूर बघा. पण तारे बघायला म्हणून पैसे घालून घेऊ नका.

आता दुसरा आकडा पहिल्याने भागा. 10×25 ला 2.5 येतो, 10×50 ला 5, 8×42 ला 5.25, 7×50 ला सातच्या थोडा वर. मागच्या बाजूने, म्हणजे डोळ्याच्या बाजूने, जो प्रकाशाचा झोत बाहेर पडतो त्याची ही जाडी, मिलिमीटरमध्ये. हिला एक्झिट प्युपिल म्हणतात. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा, दोन्ही आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगांत, दोन पांढरे गोल ठिपके दिसतील. तेच हे. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते, पन्नाशीच्या आसपास अनेकांची पाचवरच अडते. झोत बाहुलीपेक्षा जाड असेल तर अरुंद तोंडाच्या तांब्यात बादलीने पाणी ओतल्यासारखं होतं, जादाचं बाहेर सांडतं. झोत फारच बारीक असेल तर अंधारात डोळा नेमका जागेवर आणणंच अवघड जातं. डोळा जरा हलला की चित्र काळं. मुलीला 10×25 दिलात तर ती "बाबा, काहीच दिसत नाहीये" का म्हणते हे आता लक्षात येईल.

पुण्यासाठी यात एक पोटमुद्दा आहे. शहरातलं आकाश काळं नसतं, राखाडी-केशरी असतं. झोत जितका जाड, तितकं ते उजळ आकाशही जास्त उजळ होऊन डोळ्यात येतं. 7×50 हा समुद्रावरच्या लोकांचा जुना लाडका, पण धायरीच्या गच्चीवरून त्यातून आकाश धुतल्या कापडासारखं फिकं दिसतं. 8×42 आणि 10×50 यांचा झोत जवळपास सारखाच, त्यामुळे पार्श्वभूमीचा काळेपणाही सारखाच. या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही.

मग सगळे 10×50 का म्हणतात? कारण तो खरंच चांगला आहे. ट्रायपॉडवर बसवून दोघांची तुलना केली तर 10×50 जिंकतो, वादच नाही. 42 ला जे तारे जेमतेम दिसतात ते त्यात नीट दिसतात, तारकागुच्छ जरा जास्त मोकळे होतात. गाडीने जाऊन गाडीजवळच खुर्ची टाकून बसणाऱ्याला मी डोळे झाकून 10×50 सांगतो. पण तुम्ही चालत जाणार, आणि बायनॉक्युलर हातात धरणार.

हाताच्या थरथरीचं गणित सोपं आणि निर्दयी आहे: आठपट बायनॉक्युलर थरथर आठपट करतो, दहापट दहापट करतो. हे कागदावर किरकोळ वाटतं. गुरूवर रोखून बघा म्हणजे कळेल. गुरूच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, त्याचे चार मोठे चंद्र असतात. गॅलिलिओने 1610 साली पाहिले तेच. हात स्थिर असेल तर आठपटीतही त्यातले एक-दोन टिपता येतात. हात हलत असेल तर गुरूची चकाकती जिलबी दिसते आणि चंद्र त्या रेघोट्यांत हरवतात. मी लोकांना आधी उभ्याने, हात अधांतरी ठेवून बघायला लावतो. काही दिसत नाही. मग त्यांनाच कोपरं गाडीच्या टपावर किंवा दगडी कट्ट्यावर टेकवायला सांगतो, श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगतो. लगेच आवाज येतो, "हां, बाजूला एक बारीक ठिपका आहे!" बायनॉक्युलर तोच, गुरू तोच.

म्हणून पकड शिका, ती फुकट आहे. ट्रेकला सगळ्यात उत्तम म्हणजे मॅटवर उताणं पडायचं, सॅक मानेखाली घ्यायची, कोपरं छातीच्या बाजूंना टेकवायची आणि आयपीसचे रबरी कप भुवयांच्या हाडावर अलगद टेकू द्यायचे. डोक्यावरचं आकाश उभ्याने बघायला गेलात तर दोन मिनिटांत मान आखडते. दुसरी युक्ती: टोपीचा पुढचा छज्जा बायनॉक्युलरच्या नळ्यांवर आणून बोटांनी दोन्ही एकत्र पकडायचं. दिसायला वेडगळ, पण थरथर चांगलीच कमी होते. 50 मिमीचे लांब नळ्यांचे बायनॉक्युलर मधे धरण्याऐवजी पुढच्या टोकाकडे धरले की जास्त स्थिर राहतात. ट्रेकिंग पोल असेल तर त्याच्या मुठीवर टेकवा. चित्र स्थिर करणारे इलेक्ट्रॉनिक बायनॉक्युलरही मिळतात, कॅननचा 10×30 हे त्यातलं प्रसिद्ध नाव. आकाशासाठी ती चीज भारी आहे, पण किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे.

20×80 बद्दल मित्राला सांगा की त्याचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते तुमच्यासाठी नाही. वजन दोन किलोंच्या आसपास किंवा वरच, दृष्टिक्षेत्र आठपटीच्या निम्म्याहून कमी, आणि मजबूत, उंच ट्रायपॉडशिवाय निरुपयोगी. शिवाय स्वस्तातल्या 20×80 मध्ये दोन नळ्या एकमेकींना समांतर नसण्याचा आजार नेहमीचा. वीसपटीला तो जास्त टोचतो, एका ताऱ्याचे दोन दिसतात आणि डोकं दुखतं. मोठंच हवं असेल तर पुढेमागे 15×70 बघा. साधारण 1.4 किलो, क्षेत्र सव्वाचार-साडेचार अंश. तोही ट्रायपॉडवरचाच, पण गाडीच्या डिकीत सुखाने राहतो.

आता चष्मा. तुम्ही नंबर कसला ते लिहिलेलं नाही, आणि मॉडेलची निवड बरीचशी त्यावर अवलंबून आहे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसचं चाक तो नंबर भरून काढतं. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असला तर उजव्या आयपीसवरचं डायऑप्टरचं कडं त्यासाठीच असतं: आधी डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने तारा टोकदार करायचा, मग उजवा डोळा उघडा ठेवून फक्त कडं फिरवायचं. पण सिलिंडर नंबर असेल तर चाकाने तो जात नाही. चष्मा काढलात तर तारे चपटे, शेपटीवाले दिसतील. मग चष्म्यासकट बघावं लागेल, आणि त्यासाठी आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान 15 मिमी हवं. 17-18 असेल तर आणखी बरं. हे अंतर कमी असलं तर चित्राच्या कडा कापल्या जातात, जणू किल्लीच्या भोकातून बघतोय. बरेच स्वस्त 10×50 नेमके इथेच मार खातात, त्यांचं आय रिलीफ 12 मिमीच्या आसपास असतं.

मुलीसाठी वेगळीच गोष्ट तपासा, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. बायनॉक्युलरच्या दोन नळ्या मिटून किती जवळ येतात? बऱ्याच मॉडेलमध्ये दोन आयपीसमधलं अंतर 56 मिमीच्या खाली जात नाही. अकरा वर्षांच्या मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर कित्येकदा त्याच्या आसपास किंवा थोडं कमीच असतं. अंतर जुळलं नाही तर मूल एकाच डोळ्याने बघतं, आणि आपल्याला वाटतं की त्याला रस नाही. तेव्हा खरेदीला तिलाच घेऊन जा. नळ्या पूर्ण मिटून तिच्या डोळ्यांना लावा आणि एकच गोल दिसतो का विचारा. दोन गोल दिसले तर ते मॉडेल बाद. वजनाचंही तसंच: किलोभर वजनाचा 10×50 तिचे हात मिनिटभरात खाली आणतो, सहा-सातशे ग्रॅमचा 8×42 ती बराच वेळ पेलू शकते.

इथपर्यंतचं जुळवलं तर चालत जाणं, हातात धरणं, चष्मा आणि लहान मुलगी, चारही गोष्टी 8×42 च्या बाजूला झुकतात. शिवाय त्याचं दृष्टिक्षेत्र साधारण सात ते आठ अंश, 10×50 चं बहुधा साडेसहा. नवशिक्याला तो एक अंश फार मोठा. नुसत्या डोळ्यांनी हेरलेला तारा बायनॉक्युलरमध्ये सापडतच नाही, ही पहिल्या रात्रीची सगळ्यात मोठी तक्रार असते.

आता आतली बनावट. पोरो प्रिझमचे बायनॉक्युलर म्हणजे जुन्या पद्धतीचे, खांदे असलेले रुंद. रूफ प्रिझमचे म्हणजे सरळ नळ्यांचे, आटोपशीर. तेवढ्याच पैशात पोरो बहुधा जास्त उजळ चित्र देतो, कारण रूफ प्रिझम नीट बनवणं महाग पडतं. पण सॅकमध्ये रूफ सुबक बसतो, आणि पाणी न शिरणारी, आत नायट्रोजन भरलेली मॉडेलं या गटात जास्त मिळतात. आपल्या पावसाळ्याला ती परवडतात. तुमच्या बजेटमध्ये रूफ घ्यायचा तर वर्णनात "फेज कोटेड" (रूफ प्रिझमवरचा, चित्र टोकदार ठेवणारा लेप) आणि "फुली मल्टिकोटेड" (सगळ्या भिंगांवर प्रकाश वाया जाऊ न देणारे अनेक थर) हे दोन्ही शब्द शोधा. पहिला नसला तर एक वेळ चालेल, दुसरा नसला तर नको. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला.

दुकानात हे असं तपासा. पुढची भिंगं ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ट्यूबचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं, मंद दिसलं तर कोटिंग आहे. पांढरंशुभ्र, लख्ख दिसलं तर परत द्या. माणकासारखी लालभडक भिंगं असतील तर हातच लावू नका, ती गिऱ्हाईक पटवण्यासाठी असतात आणि उपयोगाचा प्रकाश परतवून लावतात. मग हातभर लांब धरून एक्झिट प्युपिलचे ते दोन ठिपके बघा. पूर्ण गोल, कडेपर्यंत सारखे उजळ असतील तर उत्तम. पोरोमध्ये ठिपक्याच्या कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. चांगल्या पोरोवर बीएके-4 असं, म्हणजे प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव, लिहिलेलं असतं, पण लिहिलेल्यापेक्षा ठिपक्यावर विश्वास ठेवा. शेवटी दुकानाबाहेर या आणि लांबच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची आडवी कड बघा. बायनॉक्युलर डोळ्यांपासून हळूहळू थोडा लांब न्या. दोन नळ्यांतली कड वरखाली झाली तर नळ्या समांतर नाहीत. दुसरा नग मागा. आणि घरी आणलेल्या पहिल्याच मोकळ्या रात्री एखादा ठळक तारा मध्यभागी टोकदार करून बघा. कडेला गेल्यावर तो थोडा पसरणारच, या किमतीत ते माफ. मध्यभागीच टोकदार होत नसेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

झूम बायनॉक्युलर, "फोकस फ्री" बायनॉक्युलर आणि 180 पट वगैरे आकडे छापलेली खेळणी या तिन्हींवर मी इथे जास्त शब्द खर्च करत नाही. घेऊ नका.

नावं विचारली आहेत म्हणून सांगतो, किमती महिन्यागणिक हलतात तेव्हा त्या तुम्हीच बघा. निकॉनचा प्रोस्टाफ पी3 8×42 हा रूफ प्रकारातला, सहाशे ग्रॅमच्या आत, आय रिलीफ भरपूर, पाण्यालाही टिकणारा. चष्मेवाल्या ट्रेकरला मी पहिल्यांदा हाच हातात घेऊन बघायला सांगेन, बजेट थोडं ताणावं लागलं तरी. सेलेस्ट्रॉनचा नेचर डीएक्स 8×42 त्याच रांगेतला. चष्मा काढून बघणार असाल आणि पैसे वाचवायचे असतील तर निकॉनचा अ‍ॅक्युलॉन 8×42, पोरो, आठ अंशांचं क्षेत्र, साधारण साडेसातशे ग्रॅम. चित्र किमतीच्या मानाने झकास, पण त्याला पाण्यापासून जपावं लागतं आणि आय रिलीफ 12 मिमीच. 10×50 वरच मन बसलं असेल तर ऑलिंपसचा डीपीएस-वन किंवा अ‍ॅक्युलॉनचाच 10×50, दोघांनाही चष्म्याची तीच अडचण. चष्म्यासकट 10×50 हवा तर निकॉनचा अ‍ॅक्शन ईएक्स, पण त्याचं वजन एक किलोच्या वर. नाव कुठलंही असो, वरच्या परीक्षा नगावर घ्या, नावावर नको.

जमलं तर पैसे टाकण्याआधी एकदा दुसऱ्याच्या बायनॉक्युलरमधून बघा. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. त्यांच्या आकाशदर्शनाला गेलात तर चार प्रकारचे बायनॉक्युलर गळ्यात घातलेली चार माणसं नक्की भेटतील, आणि प्रत्येकाला आपलाच दाखवायची हौस असेल.

आता यातून दिसणार काय, ते मुलीसाठी लिहितो. धायरीच्या गच्चीवरून: चंद्रावरची विवरं, विशेषतः अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर. पौर्णिमेचा चंद्र बायनॉक्युलरमधून सपाट दिसतो, त्या दिवशी नुसत्या डोळ्यांनीच बघा. गुरूचे चंद्र वर आलेच. कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा-सात, बायनॉक्युलरमध्ये निळसर हिऱ्यांचा डबा उपडा केल्यासारख्या. दोन अंशांचा तो पुंजका टेलिस्कोपमध्ये मावत नाही, तो बायनॉक्युलरचाच माल. सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती, लग्नात भटजींनी दाखवले असतील, तेव्हा दिसले नसतील तर आता स्वच्छ वेगवेगळे दिसतील. कर्क राशीतला पुष्य शहरातून डोळ्यांना अजिबात दिसत नाही, आणि बायनॉक्युलरमध्ये अचानक मधमाश्यांसारखा उमटतो. मुलांना दाखवायला याच्याइतकी खात्रीची वस्तू दुसरी नाही. शनीची कडी मात्र आठ-दहापटीत दिसणार नाहीत, तिला आधीच सांगून ठेवा.

शहराबाहेर खरी मजा. एक गोष्ट जागा निवडताना लक्षात ठेवा: पुण्याच्या उजेडाचा घुमट ज्या बाजूला असेल तिकडचं क्षितिज मेलं. भोरच्या पलीकडे बसलात तर तो उत्तरेला जातो आणि दक्षिण मोकळी मिळते. आपल्या अक्षांशाला, साडेअठरा अंशांना, दक्षिणेचा खजिना क्षितिजाच्या बराच वर येतो आणि तो आपला मोठा फायदा आहे. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला जास्तीत जास्त 24 अंशांवर असतो. युरोपातल्या बहुतेक लोकांना तो घरून दिसतच नाही. 8×42 मध्ये तो कापसाच्या गोळ्यासारखा, ताऱ्यापेक्षा स्पष्ट वेगळा. त्यानंतर मध्यरात्रीकडे वृश्चिक आणि धनू वर येतात. वृश्चिकाच्या नांगीजवळचे एम 6 आणि एम 7 (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) हे दोन गुच्छ एकाच दृष्टिक्षेत्रात मावतात. तिथून धनूकडे नुसता बायनॉक्युलर सरकवत जा, आकाशगंगेचे धुरकट पट्टे, गुच्छ, एम 8 चा तेजोमेघ. इथे नकाशा बाजूला ठेवून भटकावं.

पाऊस संपला की देवयानी दीर्घिका. नोव्हेंबरच्या संध्याकाळी ती उत्तरेला चांगली उंचावर असते. सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर. 8×42 मध्ये ती लांबट, मऊ, धूसर डाग म्हणून दिसते, फोटोतल्यासारखी नाही. मुलीला फोटो आधी दाखवू नका. डिसेंबर-जानेवारीत मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ आहेच. आणि एखादा बरा धूमकेतू आला तर बायनॉक्युलरसारखं साधन नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पश्चिमेला त्सुचिनशान-अ‍ॅटलास दिसला, तेव्हा शेपूट बघायला रुंद क्षेत्रच लागत होतं. या सगळ्यासाठी डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्या आणि मोबाइल खिशात ठेवा. तंबूत तांबडा टॉर्च वापरा. साध्या टॉर्चवर लाल जिलेटिन लावलं तरी चालतं.

लहान मूल आहे म्हणून एक ताकीद: बायनॉक्युलर सूर्याकडे कधीही, क्षणभरही नाही. दृष्टी कायमची जाऊ शकते. ट्रेकला सकाळी तो तिच्या गळ्यात असेल तर तुमचं लक्ष हवं.

आणि पावसाळा. पुण्यात जून ते सप्टेंबर तारे फारसे दिसत नाहीत आणि बायनॉक्युलर कपाटात जातो. तिथेच भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. एकदा धरली की काच खाते. बरोबर आलेल्या कापडी किंवा रेग्झिनच्या पिशवीत ठेवू नका, ती दमट हवा धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदला किंवा गरम करून सुकवा. अधूनमधून उन्हाच्या दिवशी डबा उघडून भिंगं बघा. हिवाळी रात्री दव पडलेला बायनॉक्युलर पुसत बसू नका, तंबूत आणून तसाच वाळू द्या, मगच डब्यात. भिंगावरची धूळ आधी फुगा दाबून उडवा. शर्टाच्या टोकाने पुसलेलं कोटिंग मी फार बघितलंय.

ट्रायपॉड आत्ता घेऊ नका. पण निवडलेल्या मॉडेलच्या पुढच्या बाजूला, दोन नळ्यांच्या मधे, टोपणाखाली आटे आहेत का ते बघून ठेवा. असले तर पुढे एल आकाराचा छोटा अडॅप्टर लावून तोच बायनॉक्युलर कुठल्याही कॅमेरा ट्रायपॉडवर चढतो, आणि तुम्ही शोधून दिलेली वस्तू मुलीला आयती बघायला मिळते.

सिलिंडर नंबर आहे की नाही आणि मुलीचे डोळे नळ्यांशी जुळतात की नाही, एवढं कळवा. मग प्रोस्टाफ की अ‍ॅक्युलॉन, ते एका ओळीत सांगता येईल.